बाहेरून फिटिंग केलं म्हणून अख्खी वॉरंटी जाते का?

शिरपूर तालुक्यातल्या एका केळीवाल्या भाऊंनी विचारलंय. गेल्या दिवाळीत त्यांनी अकरा लाखांची पेट्रोल गाडी घेतली. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, जे आधी संपेल ते. महिनाभरात बाहेरच्या दुकानातून हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब, अँड्रॉइड स्क्रीन, मागचा कॅमेरा आणि एक साइज मोठे अलॉय व्हील टाकून घेतले. आता ऐन उन्हाळ्यात एसी गार करत नाही आणि कॉम्प्रेसरमधून घरघर येते. वर्कशॉपमध्ये बॉनेट उघडलं, वायरिंगवर काळी टेप दिसली आणि सर्व्हिस अॅडव्हायझरने सांगून टाकलं, ‘गाडीला बाहेरचं काम झालंय, वॉरंटी गेली.’ भाऊंनी मला लिहिलं, ‘दादा, मन्ही गाडीनी वारंटी गई का?’

भाऊ, ‘वॉरंटी गेली’ एवढ्या उत्तरावर गाडी परत आणू नका. वॉरंटी एका फटक्यात अख्खी जात नसते. जो बदल केला, त्याने जो भाग बिघडला, त्या भागापुरता क्लेम नाकारायला कंपनीकडे कारण असतं. अलॉय टाकले म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम उडत नाही आणि स्क्रीन बसवली म्हणून इंजिनच्या ऑइल गळतीशी तिचं नातं जुळत नाही. पण बदलाचा आणि बिघाडाचा धागा खरोखर जुळत असेल, तर कंपनी बरोबर असते, आणि तिथे आवाज चढवून काही हाती लागत नाही. म्हणून सगळी मेहनत एकाच प्रश्नावर घ्यायची: कोणता पार्ट गेला, कशाने गेला, आणि मी केलेल्या कामाचा त्याच्याशी काय संबंध?

मी अनेक वर्षं कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये वॉरंटीचे क्लेम पाहिले आहेत, आता धुळ्यात स्वतःचं गॅरेज आहे. दोन्ही बाजू माहीत असल्याने आधी अॅडव्हायझरची अडचण सांगतो. वॉरंटीत पार्ट बदलला की त्याचे पैसे डीलर आधी स्वतःच्या खिशातून घालतो आणि नंतर कंपनीकडे मागतो. काढलेल्या जुन्या पार्टला टॅग लावून तो जपून ठेवावा लागतो. कंपनीचा माणूस येऊन तपासतो, फोटो बघतो, आणि त्याला कटिंग केलेली वायर दिसली तर क्लेम फेटाळून रक्कम डीलरच्या खात्यातून वळती करतो. हे ज्याच्यासोबत एकदा घडलंय तो अॅडव्हायझर काळी टेप दिसताच हात वर करतो. त्यात तुमच्याशी वैर नसतं, पण तपासही झालेला नसतो. तुमचं भांडण त्या काउंटरवरच्या पोराशी नाही. निर्णय कंपनी घेते, आणि कंपनीकडून तो लेखी मिळवायचा असतो.

आता कायद्याचं. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतल्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यावर बोलतात. तो कायदा तिथला आहे, धुळ्याच्या शोरूममध्ये त्याचं नाव घेऊन काही उपयोग नाही. आपल्याकडे तसा फक्त वॉरंटीसाठीचा वेगळा कायदा नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. आणि एक महत्त्वाचा आदेश आहे भारतीय स्पर्धा आयोगाचा, ऑगस्ट 2014 चा. सुट्या भागांच्या प्रकरणात आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड केला होता. त्याच आदेशात म्हटलं की, ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द अशी अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. पुढे यावर अपिलं झाली. शिवाय तो आदेश बाहेरच्या दुरुस्तीबद्दल आहे, गाडीत केलेल्या बदलांबद्दल नाही. म्हणून तो हातातला हुकमी कागद समजू नका. पण ‘जेवढ्यास तेवढं’ हे त्यातलं तत्त्व कंपनीला लिहायच्या पत्रात जरूर मांडा.

त्याआधी वॉरंटीची पुस्तिका डॅशबोर्डच्या खणातून काढा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. काही कंपन्या ‘बदलामुळे झालेला बिघाड’ वगळतात. काही ‘बदल केलेली गाडी’ असंच लिहून मोकळ्या होतात. पहिली भाषा असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दुसरी असेल तर भांडण लांबेल, पण संबंध दाखवा ही मागणी तेव्हाही सोडायची नाही.

सगळ्यात जास्त क्लेम कुठे अडकतात तर वायरिंगमध्ये. म्हणून याबद्दल जरा जास्त बोलतो.

मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्याला जास्त उजेडाचे बल्ब का हवेसे वाटतात, हे मला सांगायला नको. समोरून ट्रकचे झोत डोळ्यांत येतात आणि कंपनीचा पिवळा उजेड पुरत नाही. पण हिशेब बघा. साध्या हॅलोजन बल्बचा हाय बीम 60 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टला 5 अँपिअर. त्या जागी 100 वॅटचा टाकला की सव्वाआठ अँपिअर. वायर तीच, कपलर (वायरींचा जोड) तोच. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे इथे जवळपास पावणेतीन पट. आधीच मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 ला जातो, त्यात बॉनेटखालची धग. कपलरचं प्लास्टिक आधी तपकिरी होतं, मग मऊ पडतं, पिन सैल होते, आणि सैल पिनेवर ठिणगी पडू लागते. फ्यूज उडाला की दुकानदार 10 चा काढून 20 चा टाकतो. खरा घात तिथे होतो. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो वाढवला की आधी वायर जळणार, फ्यूज तसाच राहणार. अशी गाडी आली आणि हेडलाइटचं वायरिंग किंवा स्विच जळालेला असेल, तर क्लेम जाणारच. आजच्या गाड्यांत लाइटचा करंट बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे लाइट वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातून जातो, आणि ते मॉड्यूल जळालं तर बिल हजारोंत जातं.

तोच उजेड नीट पद्धतीनेही मिळतो. बॅटरीवरून वेगळी जाड वायर, तिच्यावर स्वतंत्र फ्यूज आणि रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि कंपनीच्या स्विचकडून फक्त रिले ओढायला लागणारा इशारा. जुन्या वायरीला कुठेही ब्लेड लावायचं नाही, कपलरला कपलर जोडायचा. असं काम मी कंपनीच्या माणसाला स्वतः बॉनेट उघडून दाखवलं आहे आणि त्याने हरकत घेतली नाही, कारण कंपनीच्या वायरिंगवर भारच नव्हता.

स्क्रीनचंही तसंच. तुमच्या मॉडेलच्या कपलरची हार्नेस (तयार वायरिंगचा संच) मिळते, तीच मागा. दुकानदार ‘ती महाग पडते, मी कापून जोडून देतो’ म्हणाला तर उठून या. वाचलेले हजार-बाराशे रुपये पुढे पन्नास हजारांच्या क्लेमवर पाणी सोडायला लावतात. कटिंग करून जोडलेली वायर पावसाळ्यात हिरवी पडते, मग कधी हॉर्न वाजत नाही तर कधी डॅशबोर्डवर नको ते दिवे लागतात. दुसरी अडचण स्टँडबाय करंटची. गाडी लॉक केल्यावर चांगली गाडी साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत करंट घेते. हलकी स्क्रीन किंवा चुकीच्या वायरवर जोडलेला जीपीएस 200 मिलिअँपिअर घेत बसला, तर दिवसाला जवळपास 5 अँपिअर-अवर जातात. 35 अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर लग्नाला गावी जाऊन पाच-सहा दिवसांनी परत यावं आणि सेल्फ मारला जाऊ नये. बॅटरीची वॉरंटी मुळात बॅटरी कंपनीची असते, गाडी कंपनीची नसते. टायरचंही तसंच. तिथे क्लेम टाकताना ही स्क्रीन आड येते.

आता भाऊंच्या कॉम्प्रेसरकडे वळू. घरघर नेमकी कधी येते ते बघा. एसी बंद असतानाही येत असेल, तर पुलीचं बेअरिंग असण्याची शक्यता जास्त, कारण पट्टा ती पुली सतत फिरवत असतो. एसी लावल्यावरच येत असेल तर आतला भाग झिजतोय. गेज लावून दोन्ही बाजूंचं, म्हणजे कमी दाबाच्या लो साइडचं आणि जास्त दाबाच्या हाय साइडचं प्रेशर मोजायला सांगा. दोन्हीकडे कमी असेल तर गॅस गळालाय, आणि गळती कुठे आहे ते गॅसमध्ये रंग घालून निळ्या दिव्याखाली दिसतं. लो साइडला जास्त आणि हाय साइडला कमी दिसत असेल, तर कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही. बेअरिंग, सील, आतले पिस्टन यांचा तुमच्या स्क्रीनशी, कॅमेऱ्याशी, अलॉयशी काडीचा संबंध नाही. क्लेम तिथे अडवायचं कारणच नाही.

पण कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या मॅग्नेटिक क्लचची कॉइल जळाली असेल, रिले चिकटला असेल, किंवा कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या वायरीतच कोणी स्क्रीनचा सप्लाय घेतला असेल, तर मात्र कंपनीचं म्हणणं ऐकावं लागेल. म्हणून त्या काळ्या टेपखाली काय आहे ते उघडून बघा, फोटो काढा. ती टेप फक्त हेडलाइटच्या वायरीवर असेल, तर तुमचा मुद्दा फोटोतच सिद्ध होतो. आणखी एक तपासून घ्या. ग्रिलसमोर लाइट बार, मोठे हॉर्न किंवा गार्ड लावलंय का? कंडेन्सरसमोरची (एसीचा गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीसमोरची) हवा अडली की हाय साइडचं प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. तुमच्या पत्रात गार्डचा उल्लेख नाही, ते बरंच आहे. बुल गार्डला तसाही केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये मनाई केली आहे, कारण ते पायी चालणाऱ्याच्या आणि गाडीतल्याच्या, दोघांच्या जिवावर उठतं.

अलॉयबद्दल थोडक्यात. रिम एक साइज मोठं घेतलं तर टायरची उंची तेवढी कमी हवी, म्हणजे चाकाचा एकूण व्यास तोच राहतो. व्यास बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो. रिम बाहेर सरकलेलं असेल तर व्हील बेअरिंगवर आणि सस्पेन्शनच्या बुशवर ताण येतो, आणि पुढे त्या भागांचा क्लेम आला तर तो नाकारला जाईल. जुनी रिमं विकून टाकू नका.

आता खान्देशात मी जे जास्त बघतो ते. पिकअपला मागे कमान पाटे वाढवतात. केळीच्या घडांनी गाडी भरून बिजासन घाट चढायचा असतो, मालकाला वाटतं पाटे वाढवले की गाडी बसणार नाही. गाडी बसत नाही हे खरं, पण तो भार जातो कुठे? एक्सलच्या बेअरिंगवर, क्राऊन-पिनियनवर (मागच्या एक्सलमधल्या गिअरवर), क्लच प्लेटवर, ब्रेकवर. कंपनीचा माणूस मागे वाकून पाटे मोजतो आणि पहिल्याच मिनिटाला त्याला कळतं की गाडी क्षमतेच्या वर चालते. क्राऊनचा क्लेम तिथेच संपतो. पाटे वाढवून गाडीची परवानगीची भारक्षमता वाढत नाही, ती आरसीवर लिहिलेली तेवढीच राहते.

ट्रॅक्टरमध्ये दुखणं डिझेल पंपाचं. पंपाच्या स्क्रूला कंपनी सील करून देते. मोठा रोटाव्हेटर ओढायचा म्हणून गावचा मिस्त्री ते सील तोडून डिझेल वाढवून देतो. ट्रॅक्टर जोर करतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, आणि मालक खूष. पण जादा डिझेल जळायला तेवढी हवा मिळत नाही, एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टनच्या डोक्यावर वितळल्याचे व्रण उमटतात, हेड गॅस्केट जातं. इंजिन उघडल्यावर ते व्रण बघून कोणताही जाणता मेकॅनिक कारण सांगतो, सील बघायचीही गरज पडत नाही. एका ट्रॅक्टरमागे घरातल्या सगळ्यांचं वर्षाचं उत्पन्न उभं असतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, वॉरंटीत असताना पंपाला हात लावू देऊ नका. ताकद कमी पडत असेल तर अवजार लहान घ्या.

सीएनजी किटचा प्रश्न वेगळा, कारण तिथे वॉरंटी, आरटीओ आणि विमा तिन्ही एकदम येतात. बाहेरून किट बसवलं की इंजिन, इंधन प्रणाली आणि एक्झॉस्टचे क्लेम गेले असं धरूनच चाला. सीएनजी कोरडं जळतं, व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटला पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही. कंपनी फिटेड गाडीत सहसा ते भाग त्याला धरूनच निवडलेले असतात. प्लग आणि इग्निशन कॉइलवरही ताण जास्त येतो. मागे पन्नास-साठ किलोचा सिलिंडर आला की मागचं सस्पेन्शनही वादात येतं. पण पॉवर विंडो, स्टिअरिंग, एअरबॅग यांचा किटशी संबंध नाही, ते क्लेम चालू राहायला हवेत. किट मान्यताप्राप्तच घ्या, आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवून पॉलिसीत चढवा, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर 3 वर्षांनी करा. अशी मान्यताप्राप्त किट सोडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कलम 182-अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. सायलेन्सर बदलून बुलेटचे फटाके फोडणाऱ्या पोरांनी हे वाचावं. बीएस-6 गाडीत सायलेन्सरसोबत ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरचा क्लेमही जातो.

रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाचं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलून घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, पुन्हा मूळ सॉफ्टवेअर भरून आलात तरी बहुतेक आधुनिक ईसीयूत किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची नोंद राहते. कंपनीचा स्कॅनर ती वाचतो. इंजिनचा क्लेम गेला म्हणून समजा.

यावरून लोक विचारतात, वर्कशॉपला जाण्याआधी सगळं काढून ठेवू का? ठेवू नका. टेपचा चिकट डाग राहतो, इन्सुलेशनवर ब्लेडची खूण राहते, बिघाडाचा कोड किती किलोमीटरला आला हेही साठलेलं असतं. लपवलेलं सापडलं की तुमच्या खऱ्या मुद्द्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. उलट काय काय बसवलंय ते स्वतः सांगा आणि त्याची बिलं दाखवा.

शोरूममधल्या अॅक्सेसरीजवरही आंधळा विश्वास नको. डीलर सीट कव्हर, स्क्रीन, सेंट्रल लॉक बसवून देतो, पण ते दर वेळी कंपनीचंच असतं असं नाही. काही वेळा त्याच बाजारातला माल असतो. बिलावर कंपनीचा पार्ट नंबर आहे का ते बघा. नंबर नसेल तर ‘या फिटिंगमुळे वॉरंटीला बाधा येणार नाही’ असं शिक्क्यासह लिहून घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी हा तर वेगळाच करार असतो, त्याच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा कडक असू शकतात, तो कागद वेगळा वाचा.

तर भाऊ, तुम्ही असं करा. वर्कशॉपला परत जा आणि तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘एसी गार करत नाही, कॉम्प्रेसरमधून आवाज.’ क्लेम नाकारायचा असेल तर त्याच जॉब कार्डवर कारण आणि पुस्तिकेतलं कलम लिहून मागा. बरेचदा लिहायची वेळ आली की मगच खरी तपासणी सुरू होते. कॉम्प्रेसर काढला तर जुना तुमच्यासमोर ठेवायला सांगा, त्यावरचा नंबर टिपा, ऑइलचा रंग बघा. करडं आणि चमचमणारं ऑइल म्हणजे आतून धातू झिजतोय. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, सोबत जॉब कार्ड, फोटो आणि सर्व्हिसच्या नोंदी जोडा. कंपनीचा एरिया मॅनेजर वर्कशॉपला अधूनमधून येतोच, त्याच्या येण्याचा दिवस विचारून समोरासमोर बोला. त्याला अधिकार असतात, आणि तांत्रिक मुद्दा कळला की तो बऱ्याचदा क्लेम मंजूर करतो. पैसे भरून दुरुस्ती करणं भागच असेल तर बिलावर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असं लिहा आणि जुना पार्ट ताब्यात घ्या.

तरीही नकार आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पुढची पायरी धुळ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच चालते, आणि तुमच्या अकरा लाखांच्या गाडीला फी 400 रुपये लागेल. गाडीत दोष आहे की नाही यावर वाद झाला तर आयोग तो पार्ट प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून जुना कॉम्प्रेसर भंगारात देऊ नका. पिकअपवाल्यांसाठी एक सूचना: धंद्यासाठी घेतलेली गाडी असेल तर तुम्ही ‘ग्राहक’च नाही असा मुद्दा समोरचा वकील काढतो. स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर स्वयंरोजगार म्हणून कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, पण ते तक्रारीत पहिल्याच पानावर लिहा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे. त्यामुळे नकाराचं जॉब कार्ड घेताना त्यावर तारीख आणि शिक्का आहे ना, हे काउंटरवरच बघून घ्या.